चौघांची ओळख राहून गेली आहे : आमच्या महोत्सव समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
आपल्या जिल्ह्याच्या सांस्कृतिक महोत्सवाची आयोजन समिती

सप्रेम नमस्कार.

महोत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ ही वेळ पत्रिकेत एका मराठी रॉक बँडच्या नावाने छापलेली होती. पत्रिका तुमची, वेळही तुम्हीच दिलेली. त्या दिवशी दुपारी पोरं टेम्पोतून ड्रम उतरवत असताना तुमच्या एका सदस्यांचा मोबाइलवर निरोप आला की कार्यक्रम रद्द झाला आहे, हा प्रकार आपल्या मातीतला नाही आणि काही ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. ती पाऊण तासाची वेळ पुढे सत्कार आणि भाषणांत गेली. प्रेक्षकांना कारण कळवलं गेलं नाही. मी त्या संध्याकाळची निवेदिका. मला विंगेत येऊन "तेवढा कागद वगळा" इतकंच सांगण्यात आलं.

त्या कागदावर बँडची आणि त्यातल्या चौघांची ओळख लिहिलेली होती. मी जिल्ह्यात कीर्तन महोत्सवापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत निवेदन करत आले आहे. मंचावर येणारा माणूस कोण, कुठला, काय घेऊन आला आहे हे लोकांना प्रेमाने सांगावं आणि मग बाजूला व्हावं, एवढंच माझं काम. ते मला करू दिलं गेलं नाही. आदल्या संध्याकाळी याच मंचावरून मी म्हटलं होतं, "उद्या नक्की या, आपल्याच मुलांचा बँड आहे." त्या शब्दावर लोक आले. आसपासच्या गावांतली कॉलेजची मुलं परतीची एसटी बुडणार हे माहीत असूनही थांबली. त्यांना मी दिलेला शब्द तुमच्या निरोपाने मोडला, आणि तो मला भरून द्यायचा आहे. म्हणून तो कागद इथे वाचते.

बँडचं नाव मात्र लिहीत नाही. मुलांनीच विनंती केली, "ताई, नाव नका टाकू, पुढच्या गावचा कार्यक्रमही जाईल." गाणं म्हणणाऱ्या पोरांना स्वतःचं नाव छापून यायची भीती वाटावी, ही गोष्ट तुम्ही आधी मनात नोंदवून ठेवा आणि मग पुढचं वाचा.

तर मंडळी, आधी ड्रमवाला. मंचावर तोच सगळ्यांत आधी चढतो आणि सगळ्यांत शेवटी उतरतो. बाकीच्यांचं वाद्य एका पिशवीत मावतं, याचा मात्र संसार मांडायलाच पाऊण तास लागतो. घर तुळजापूरच्या वाटेवरचं, गोंधळ्याचं. आजोबा संबळ वाजवतात. संबळ कमरेला बांधलेला, दोन तोंडं शेजारी शेजारी, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चढा; हातात दोन काठ्या, त्यांतली एक टोकाला वाकडी. नातवाने गोंधळाचा तोच ठेका ड्रमसेटवर उतरवला आहे. खर्जाचे घाव किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, चढे घाव स्नेअर या लहान ड्रमवर. आजोबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाजीवतूस ब्येस. पण देवीचा ठेका बसून?" तेव्हापासून ते गाणं आलं की हा पठ्ठ्या स्टूल मागे सारतो, उभ्याने वाजवतो आणि किक मारण्यासाठी अख्खं गाणं एका पायावर काढतो. सिंबल, म्हणजे ड्रमसेटची धातूची थाळी, तो कुणाच्या हाती देत नाही, एसटीत मांडीवर घेऊन बसतो. एकदा कंडक्टरने विचारलं, "परात कुणाच्या लग्नाची रं?" हा म्हणाला, "लग्न ठरायचंय साहेब, परात आधी घेऊन ठेवली."

दुसरी बेसवाली, लातूरची. डॉक्टर करायची म्हणून घरच्यांनी क्लासला घातली होती. ती आता एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवते. बेसला चारच तारा असतात. दर गावात एखादे आजोबा कार्यक्रमानंतर जवळ येतात आणि काळजीने विचारतात, "बाई, दोन तारा तुटल्या का?" ती सांगते, "नाही बाबा, लागतच नाहीत." तिचं बोलणंही लागेल तेवढंच. बेसचा सूर ऐकणाऱ्याच्या कानात चटकन भरत नाही, तो छातीत जाणवतो, आणि ती मध्येच थांबली तर बाकीचे तिघे उघडे पडतात. गोंधळात तुणतुण्याची एकुलती तार जी जागा धरून ठेवते, तीच जागा ही चार तारांवर फिरत राखते. बँडची खजिनदारही हीच. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाहेरगावी बोलणी करायला तिलाच धाडतात. जाण्यायेण्याचा खर्च निम्मा, आणि तिघांना मिळून जी रक्कम मागायला तोंड उघडत नाही ती ही एकटी मागून, वर पावती घेऊन परत येते.

तिसरा गिटारवाला, खुलताबादचा. वाळूजच्या एका कारखान्यात पाळीत कामाला आहे. रात्रपाळी संपवून माणसं झोपतात, हा गिटार उघडतो. याचे आजोबा उरुसात कव्वालांच्या मागच्या रांगेत बसून टाळी धरायचे. कुठे साथ द्यायची आणि कुठे हात आवरायचा, हे त्याने त्या रांगेकडूनच घेतलं. गिटार हातात आलेल्या तरुणाला हात आवरायला सांगून बघा, म्हणजे हा गुण किती मोलाचा ते कळेल. आवाज फाटवणारं पेडल विकत घ्यायला पैसे नव्हते. सुटे भाग आणून त्याने स्वतः डाग दिले आणि ती सगळी जोडणी आईच्या पोह्याच्या स्टीलच्या डब्यात बसवली. भोवती धातूची पेटी असली की विजेची बाहेरची गुणगुण आत शिरत नाही. पेडल उत्तम चालतं. आईचं म्हणणं एवढंच, "डब्बा नक्को रे, ढक्कन तो दे." झाकणाला बटण बसवलेलं असल्यामुळे ही मागणी अजून पूर्ण झालेली नाही.

चौथा गायक. गंगाखेडकडचा, म्हणजे जनाबाईच्या गावचा. लहानपणापासून हरिनाम सप्ताहात कीर्तनकारांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलेला. गळा तिथेच तापला. माइक नसतानाही मंडपातल्या शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही सवय तिथली. त्याची पट्टी पांढरी तीन, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की नेमका तोच सूर निघतो. त्यामुळे हा आलापाला उभा राहिला की खुलताबादकराला डावा हात न लावता साथ करता येते, आणि त्या मोकळ्या हाताने तो चहा पितो असा बँडमध्ये त्याच्यावर आरोप आहे. गायक एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो. बँडची सगळी गाणी त्याचीच, परभणीकडच्या बोलीतली. खोड एकच. दोन गाण्यांच्या मध्ये तो बोलायला लागतो आणि बघता बघता निरूपण सुरू होतं. तिथे ड्रमवाला काठीवर काठी वाजवून त्याला गाण्यावर आणतो.

यांच्यासोबत एक पाचवा असतो, ड्रमवाल्याचा मामा. मंडप-बिछायतीचा धंदा, मोंढ्यामागे गोदाम. तालीम त्या गोदामात होते. भिंतीला रचलेल्या सतरंज्या आणि गाद्या आवाज पिऊन घेतात, घुमत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. हजारो रुपये खर्चून ध्वनिरोधक खोली करायची ती इथे लग्नसराई नसेल तेव्हा आपोआप तयार असते. लग्नसराईत गाद्या बाहेर जातात आणि तालीम बंद पडते. मामा प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पो घेऊन हजर असतात, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांचं मत एकच असतं, "झ्याक झालं, गाणी जराशी लांबली."

आणि ही मंडळी गातात काय? टँकरच्या रांगेवर गातात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याला गेल्यावर आजीजवळ मागे राहिलेल्या पोरावर गातात. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी सगळं गाव शेतात अंबिल प्यायला जातं आणि रस्ते मोकळे पडतात, त्यावर एक हसरं गाणं आहे. पण ज्या गाण्यासाठी लोक थांबतात ते पाण्याच्या रेल्वेचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बेसवाली तेव्हा शाळेत होती आणि घरी पाणी भरायचं काम तिच्याकडे होतं. गाणं ड्रमवर रुळांच्या ठेक्याने सुरू होतं. मग बेस त्यात शिरतो, मग गिटार, वेग वाढत जातो, आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत गायक तोंड उघडत नाही. मग तो एकटा, साथीशिवाय, गल्लीतल्या बायांची नावं घेऊन हाका मारतो, पाणी आलं म्हणून. मी ते गोदामात ऐकलं आहे. मामाचे मजूर हातातलं काम टाकून उभे राहिले होते.

कागद इथे संपतो. आता माझी तक्रार.

पहिली आणि सगळ्यांत मोठी हरकत "आपल्या मातीतला नाही" या कारणाला आहे. कुठल्या मातीबद्दल बोलतो आहोत आपण? पैठणात नाथांनी जी भारुडं रचली, त्या भारुडांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, फकीरसुद्धा आहे. रस्त्यावर ऐकू येणारा जो जो आवाज होता तो त्यांनी उचलला आणि त्याच्याच चालीत आपलं म्हणणं मांडलं. त्या काळीही कुणी विचारलं असेल, देवाचं नाव घ्यायला ही सोंगं कशाला? भारुड टिकलं. वली आणि सिराज हे कवी याच औरंगाबादेत दखनीत लिहीत होते. नांदेडला गोदाकाठी शबद कीर्तन चालतं, खुलताबादला कव्वाली, तुळजापुरात संबळ. यांतलं एकही दुसऱ्याला परकं म्हणत नाही. चार वेगळ्या घरांतले, चार वेगळे कान असलेले चौघे एका गोदामात येऊन एक गाणं करतात, याहून मराठवाड्याचं दुसरं काय असतं ते मला कळत नाही.

गिटार आणि ड्रम परदेशी, असंही एका सदस्यांनी ऐकवलं. मान्य. पेटीही परदेशीच आहे. पॅरिसमधल्या एका कारागिराने 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे आपल्याच आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती उठायला 1971 साल उजाडलं. त्या तीस वर्षांत पेटी गावोगावच्या भजनातून कुणी काढून टाकली का? आज पेटीशिवाय सप्ता भरत नाही, आणि ती परकी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. वाद्य कुठे जन्मलं यापेक्षा त्यावर काय वाजतं आणि ते कुणाचं दुःख सांगतं, हे ऐकून निर्णय घ्यायचा असतो. तुमच्यापैकी किती जणांनी या बँडचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलं होतं? मी हे सभेत विचारलं, तेव्हा एकाही सदस्याने हो म्हटलं नाही.

इतर प्रांतांनी हे प्रश्न केव्हाच सोडवले. कोलकात्यात 1970च्या दशकात 'मोहिनेर घोरागुली' या बँडने बाउल या भटक्या लोकगायकांचं गाणं आणि गिटार एकत्र आणून बंगालीत रॉक केलं. सुरुवातीला त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, नंतरच्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं. केरळात 'अवियल'ने मल्याळम लोकगीतं रॉकमध्ये गायली. शिलाँगमध्ये लू माजॉ हे गायक 1972 पासून दर 24 मेला अमेरिकन गायक बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करतात, आणि ते शहर स्वतःच्या रॉक संगीताचा अभिमान बाळगतं. तिथल्या लोकांची संस्कृती त्यामुळे बुडाली नाही. आपल्या मुलांनी आपल्या बोलीत तेच केलं तर आपण घाबरायचं कशाला?

औंढ्याची गोष्ट मी इथे मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. नामदेव नागनाथाच्या दारात कीर्तनाला उभे राहिले. त्यांना तिथून उठवलं, देवळाच्या मागे जायला सांगितलं. ते मागे गेले आणि तिथे गायला लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. तिथला नंदी देवळाच्या मागे आहे तो यामुळेच, असं आजही सांगतात. या गोष्टीत देव कुणाच्या बाजूने उभा राहिला हे आपल्याला इतकं ठाऊक आहे. मग गाणाऱ्याला दारातून उठवायची घाई आपल्याला का व्हावी?

आवाजाबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी घालतात. हा कार्यक्रम सव्वाआठला संपणार होता. आवाज कमी हवा असेल तर ड्रमला माइक न लावता वाजवतो, असं मुलांनी आठवड्याआधीच तुमच्या ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला सांगितलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. ज्येष्ठांना त्रास होतो हे मी हलक्यात घेत नाही. माझ्या घरातही ज्येष्ठ आहेत. पण मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींनी खिडक्यांच्या काचा थरथरतात तेव्हा ही समितीतली मंडळी रस्त्यावर उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. चार जिवंत माणसांच्या हातून येणाऱ्या, विनंती केली की कमी होणाऱ्या आवाजालाच तेवढा नियम लागावा, हे मला पटत नाही.

तिसरं, वागणूक. बाहेरून आलेल्या कलाकारांना तुम्ही करारपत्र दिलं, आगाऊ रक्कम दिली, मुक्कामाची सोय केली. ते योग्यच केलंत. स्थानिकांना मात्र तोंडी बोलावणं, "तुम्हाला संधी देतोय" असं सांगणं, आणि रद्द करताना मोबाइलवर दोन ओळी. गिटारवाल्याची त्या दिवसाची पाळी बुडाली, पगार कापला गेला. गायकाला तासिकेचे पैसे तास घेतला तरच मिळतात. मामाने टेम्पोत स्वतःच्या खिशातून डिझेल घातलं. हे सगळं महोत्सवासाठी, आणि महोत्सव चालतो लोकांच्या कराच्या पैशावर. पाणी विचारायलाही कुणी आलं नाही. ड्रम पुन्हा खोलून टेम्पोत भरताना मंडपातली माणसं बघत होती आणि ड्रमवाला मान वर करत नव्हता. त्याच्या आजोबांना त्या दिवशी मुद्दाम गाडी करून आणलं होतं.

आणखी एक गोष्ट सभेत बोलली गेली नाही, पण विंगेत माझ्या कानावर आली. मुलीने असं मंचावर उभं राहून हे वाजवणं शोभत नाही. हे ज्यांनी म्हटलं त्यांनी ते माघारी घ्यावं. ती मुलगी नोकरी करते, घर चालवायला हातभार लावते, आणि वाद्य तिने स्वतःच्या कमाईतून घेतलं आहे. शोभा कशात असते हे तिला शिकवायची गरज नाही.

तालमीच्या जागेबद्दल थोडक्यात. नाट्यगृहाची तालमीची खोली वर्षातले कितीतरी दिवस कुलूपबंद असते. दिवसाच्या भाड्याचा दर असा आहे की नाटकवाल्या मुलांनाही तो झेपत नाही, बँडचं तर सोडाच. तासाच्या हिशेबाने ती दिली तर लग्नसराईतही या मुलांची तालीम चालू राहील. भजनी मंडळांना, एकांकिकेच्या मुलांना, नाच शिकणाऱ्या मुलींनाही तिचा उपयोग होईल. जागा नाही म्हणून माणसं पुण्याला जातात. गिटारवाल्याला तिकडच्या एका बँडने बोलावलंही आहे. तो अजून गेलेला नाही, कारण बाकीचे तिघे इथे आहेत. किती दिवस थांबेल?

काही जण मला विचारतात, ताई, तुम्ही शास्त्रीय आणि कीर्तनाच्या मंचावरच्या, तुमचा यात काय संबंध? माझ्या कानांना सुरुवातीला ते गाणं जड गेलं, हे खरं. पण गाणाऱ्याचे शब्द कळत होते, आणि ते माझ्या शेजारच्या घरातले शब्द होते. कापूस वेचून आलेल्या बाईची बोटं कशी दिसतात हे या मुलांनी गाण्यात आणलं. ती बोटं मी पाहिलेली आहेत. मंचावरून त्यांच्याबद्दल कुणी गाताना मात्र क्वचितच ऐकलं. महोत्सव अशा गाण्यासाठीच असतो, असं मी समजत आले आहे. पुढच्या वर्षी मला निवेदनाला बोलावलं नाही तरी चालेल. हे पत्र मी तो विचार करूनच लिहिते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कार्यक्रम कोणत्या कारणाने आणि कुणाच्या निर्णयाने रद्द झाला, हे समितीने लेखी कळवावं, आणि ते वर्तमानपत्रातही द्यावं, कारण पत्रिका वर्तमानपत्रात आली होती.

ठरलेलं मानधन आणि प्रवासाचा खर्च पूर्ण द्यावा. कार्यक्रम करायला बँड तयार होता. तो तुम्ही थांबवला.

पुढच्या महोत्सवात या बँडला संध्याकाळची वेळ मिळावी. दुपारी चारच्या उन्हात, रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकून घेतलेली वेळ नको. उन्हात तारा तापून सैल पडतात आणि सूर उतरतो, दर दोन गाण्यांनी गिटार लावत बसावं लागतं. ज्यांनी कधी वाद्य हातात घेतलं आहे त्यांना हे सांगायला नको. कार्यक्रमाआधी आवाज तपासायला अर्धा तास मिळावा, जसा बाहेरच्या कलाकारांना मिळतो.

स्थानिक कलाकार कुठलाही असो, शाहीर असो, कव्वाल असो, वासुदेव असो की बँड, त्याला लेखी निमंत्रण, ठरलेली रक्कम आणि रद्द झाल्यास भरपाई, हे एकच नियमपत्रक सर्वांना लागू करावं. यंदा वेळ बँडची गेली. मागच्या एका महोत्सवात अशीच एका शाहिरांची वेळ सत्काराने खाल्ली होती, आणि ते बिचारे काही न बोलता घरी गेले.

नाट्यगृहाची तालमीची खोली तासाच्या दराने खुली व्हावी, आणि तो दर दारावर लावावा.

निवड समितीत तिशीच्या आतली दोन माणसं असावीत, त्यांत एक मुलगी. आणि ज्याचं गाणं नाकारायचं त्याचं गाणं आधी बसून ऐकावं. गोदाम मोंढ्यामागे आहे. मामांनी कळवलं आहे की समितीने कधीही यावं, सतरंज्या अंथरलेल्याच असतात.

टेम्पोचं भाडं, डिझेल, बुडालेली पाळी आणि तासिका यांचा हिशेब खजिनदारबाईंनी पावत्यांसह तयार केला आहे. या पत्राची एक प्रत आणि तो हिशेब मी आज तुमच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. उत्तर महिनाभरात, सहीशिक्क्यानिशी मिळावं. ते बँडच्या नावाने पाठवा, माझ्या नाही.

कळावे,

आपली,
महोत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळची निवेदिका